दुसऱ्या वर्षाचं दार

जून-जुलै आला की आमच्या पार्ल्यात पावसाबरोबर आणखी एक पूर येतो. स्टेशनच्या पश्चिमेला उतरून इर्ल्याच्या दिशेनं चालू लागलात की तो दिसतो. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत गुणपत्रिका आणि तिच्या झेरॉक्स, आणि मागून चालणारी आई. मिठीबाई, एन. एम., संघवी इंजिनिअरिंग, भागूभाई पॉलिटेक्निक ही सगळी तिकडे एकमेकांच्या शेजारी. पूर्वेला साठ्ये आणि डहाणूकर. आता फॉर्म ऑनलाइन भरतात, तरी आई मागून चालतेच.

या गर्दीत कान दिला तर एक प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतो. ‘आत्ता मिळतंय तिथं घेऊन टाकू, पुढं बदलून घेऊ. पण पुढं बदलायचं तर आत्ता कोणता विषय घेतलेला बरा?’

पुष्कळांना या प्रश्नाचं हसू येतं. विद्येला शिडी समजता काय, असं म्हणणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत. मला हसू येत नाही. ज्याच्याकडे अठ्ठ्याण्णव टक्के आहेत त्याला हा प्रश्न पडत नाही, आणि ज्याच्या बापाकडे भरायला पैसे आहेत त्यालाही पडत नाही. तो पडतो मधल्यांना. आणि मधले म्हणजे आपण बहुतेक सगळेच.

मी कवी माणूस, शिक्षण बी.ए., विषय मराठी. इंजिनिअरिंगच्या प्रवेशावर मी रेडिओवर बोलणार हे कळल्यावर आमचे एक स्नेही म्हणाले, ‘पुढच्या महिन्यात दातांच्या कवळीवर बोला.’ पण काही वर्षांपूर्वी मला या विषयात शिरावं लागलं. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक कुटुंब राहतं. वडील टेम्पो चालवतात, आई घरोघरी पोळ्या करते. २०२२ साली त्यांचा मुलगा दहावी झाला, चौऱ्याऐंशी टक्के मिळाले. बाई वर आल्या. म्हणाल्या, ‘भाई, तुम्ही शिकलेले आहात. याला जरा समजवा.’

मामला असा होता. मुलाला डिप्लोमा करायचा होता. डिप्लोमाचा प्रवेश दहावीच्या गुणांवर मिळतो. त्याला दोन ठिकाणी जागा मिळण्यासारखी होती. एक, विरारच्याही पलीकडच्या एका खासगी पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटरची. दुसरी, घरापासून दहा मिनिटांवर, भागूभाईत. पण तिथं कॉम्प्युटर मिळत नव्हतं, प्लॅस्टिक मिळत होतं. भागूभाई मफतलाल पॉलिटेक्निक १९६२ सालचं, पार्ल्यात त्याला मान आहे. तरी प्लॅस्टिक हा शब्द ऐकून बाईंचा चेहरा उतरला. ‘तीन वर्षं शिकून हा काय बादल्या पाडणार?’

मुलाचा हिशेब मात्र पक्का होता. तो मला म्हणाला, ‘चाचा, डिप्लोमा झाल्यावर डिग्रीच्या डायरेक्ट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तिथं कॉम्प्युटर घेणार. त्यांना ब्रँच कुठली ते चालतं, फक्त टक्के पाहिजेत. आणि प्लॅस्टिकमध्ये वर येणं कॉम्प्युटरपेक्षा सोपं आहे. तिकडे स्पर्धाच कमी.’

पंधरा-सोळा वर्षांचं पोर हे बोलतंय, मी थक्क झालो. त्याला समजावण्याआधी मलाच समजून घ्यायला हवं होतं. मी सरकारी माहितीपुस्तिका वाचायला बसलो. कवीला अशी पुस्तिका वाचायला लावणं ही शिक्षा आहे, पण वाचली. तर मुलाचं म्हणणं बव्हंशी खरं निघालं.

डिप्लोमा तीन वर्षांचा. तो झाला की चार वर्षांच्या पदवीचं पहिलं वर्ष वगळून थेट दुसऱ्या वर्षात बसता येतं. म्हणजे दहावीनंतर तीन अधिक तीन, सहा वर्षं. अकरावी-बारावी करून जाणाऱ्याचीही दोन अधिक चार, सहाच वर्षं होतात. फरक एवढाच की डिप्लोमावाल्याला सीईटी द्यावी लागत नाही, आणि मध्येच घरात काही अडचण आली तर हातात नोकरीपुरता कागद असतो. टेम्पो चालवणाऱ्या घराला हा फरक लहान नाही.

पूर्वी कोणत्या शाखेच्या डिप्लोमावाल्यानं पदवीच्या कोणत्या शाखेत जायचं याचा तक्ताच असायचा. २०२१ च्या सुमारास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं ते बंधन सैल केलं. अभियांत्रिकीच्या कोणत्याही शाखेचा डिप्लोमा, खुल्या वर्गाला किमान ४५ टक्के आणि राखीवांना ४०, एवढं असलं की अर्ज करता येतो. गुणवत्ता यादी लागते ती डिप्लोमाच्या टक्केवारीवर. गंमत अशी की काही पॉलिटेक्निकं स्वायत्त आहेत, ती आपली परीक्षा आपणच घेतात. बाकीच्यांची परीक्षा राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ घेतं. पेपर वेगळे, तपासणारे वेगळे, शाखा वेगळ्या. सगळ्यांचे टक्के मात्र एकाच यादीत येऊन बसतात. तेव्हा ज्या शाखेत गुण बरे पडतील ती घ्यावी, हा मुलाचा विचार चलाख होता आणि नियमाला धरून होता.

मग मी म्हटलं, बाबा रे, दार तर आहे, पण दारातून किती माणसं आत जातात ते बघू. थेट दुसऱ्या वर्षासाठी मंजूर जागांच्या दहा टक्के जागा वाढवून मिळतात. साठच्या वर्गाला सहा. शिवाय पहिल्या वर्षाच्या ज्या जागा भरल्याच नसतील त्या. आता विचार करा, पार्ल्यातल्या किंवा अंधेरीतल्या चांगल्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या जागा पहिल्याच वर्षी भरतात. म्हणजे तिथं उरल्या त्या सहा. त्यातही काही संस्थांना भाषिक अल्पसंख्याक दर्जा असतो, तिथल्या काही जागा त्या समाजाच्या मुलांसाठी असतात. अर्ज येणार राज्यभरातून. उलट भरपूर जागा मोकळ्या कुठं असतात, तर जिथं कुणाला जायचंच नव्हतं तिथं.

रिकाम्या जागेचा हा कारभार मला चांगला ठाऊक आहे, कारण मी स्वतः रिकाम्या जागेवरूनच पार्ल्यात आलो.

१९८९ सालची गोष्ट. रत्नागिरीला मी एफ. वाय. बी.ए. केलं होतं. वडील शाळामास्तर. मामूंचं इर्ल्याला शिवणकामाचं दुकान होतं. त्यांनी निरोप धाडला, पोराला इकडे पाठवा, सकाळी कॉलेज करील, संध्याकाळी काज-बटण करील. एक गोष्ट सोयीची होती. रत्नागिरीची कॉलेजं मुंबई विद्यापीठाखालीच येतात, तेव्हाही आणि आजही. त्यामुळे मायग्रेशन सर्टिफिकेटची भानगड नव्हती. जुन्या कॉलेजचा दाखला आणि ना-हरकत घेतली की झालं. माझा बेत अर्थशास्त्राचा होता. अर्थशास्त्र घेतलं की बँकेत चिकटता येतं, अशी आमच्याकडे समजूत होती.

पार्ल्यातल्या एका कॉलेजच्या खिडकीशी उभा राहिलो. कारकुनांनी वही उघडली. एस. वाय.ला अर्थशास्त्र भरलेलं. राज्यशास्त्र भरलेलं. मग त्यांनी माझ्या अर्जावरचं नाव वाचलं आणि आपुलकीनं म्हणाले, ‘उर्दू आमच्याकडे नाही हो.’ मी म्हटलं, उर्दू मलाही लिहिता येत नाही. आमच्या गावातली शाळा मराठी, घरातली बोली कोकणी. ते हसले. म्हणाले, ‘मग मराठी घेता का? मराठीत तीन जागा आहेत. तीन मुलींची लग्नं झाली या उन्हाळ्यात.’

कुणाच्या तरी मांडवामुळे माझा प्रवेश झाला. पण तेवढ्यानं झाला नसता. दुसऱ्या वर्षाला विषय घ्यायचा तर तो पहिल्या वर्षाला ऐच्छिक म्हणून केलेला असावा लागे. मी रत्नागिरीला ऐच्छिक मराठी घेतलं होतं. का घेतलं होतं? आमच्या गावाची एस.टी. साडेदहाला स्टँडवर लागायची, आणि मराठीचा तास अकराला असायचा. इतिहासाचा साडेसातला असे. पुढच्या बदलीचा विचार त्यात कुठेच नव्हता. पुढे टी. वाय.ला सहाच्या सहा पेपर मराठीचे घेतले, तीन-तीन केले नाहीत. तोपर्यंत मला त्याची गोडी लागली होती.

ही हकिकत मी त्या मुलाला सांगितली, तेव्हा तो म्हणाला, ‘म्हणजे चाचा, तुमचं नशीब.’ मी म्हटलं, अर्धं नशीब. तीन मुलींची लग्नं होणार हे मला कळणं शक्य नव्हतं. पण पहिल्या वर्षी काय शिकलो, हे माझ्या पदरात होतं, ते कुणी काढून घेऊ शकत नव्हतं. बदलीच्या वेळी नेमकं तेवढंच विचारलं जातं, तिकडे जागा आहे का, आणि इकडून काय घेऊन आलास. जागा किती निघतील याचा अंदाज बांधून तीन वर्षं आधी विषय निवडायचा, हा मटका आहे. काय घेऊन जाणार, हे मात्र ठरवता येतं.

आणि इथेच त्याच्या हिशेबात एक खड्डा होता. पहिलं वर्ष वगळायचं म्हणजे त्या वर्षाचं गणितही वगळलं जातं. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच गणिताचा तिसरा भाग येतो. मुलं त्याला ‘एम-थ्री’ म्हणतात आणि नाव घेताना आवाज खाली आणतात. त्यात लाप्लास येतो, फूरिये येतो. पहिले दोन भाग शिकलेल्यालाही तो जड जातो, इथं तर ते दोन भाग वर्गात बसून झालेलेच नसतात. डिप्लोमाचं गणित कामापुरतं असतं, कारण डिप्लोमाच मुळी हाताच्या कामासाठी घडवलेला. त्यात कॉम्प्युटरला गेला तर डेटा स्ट्रक्चरचा पेपर समोर. कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेल्या मुलानं तोवर प्रोग्रॅम लिहून बोटं घासलेली असतात. प्लॅस्टिकवाल्यानं साचे पाहिलेले असतात. परिषदेला हे ठाऊक आहे. शाखेचं बंधन सैल करताना तिनंच म्हटलंय की अशा मुलांसाठी गणित, पदार्थविज्ञान, ड्रॉइंग वगैरेचे पूरक वर्ग विद्यापीठांनी घ्यावेत. म्हणजे दार मोठं केलं आणि आतल्या पायऱ्या तेवढ्याच उंच राहिल्या.

हा प्रश्न आपल्याच देशातला आहे असं समजू नका. पार्ल्यात घरटी एक माणूस अमेरिकेत. आमच्या पुढच्या गल्लीतल्या एका आजोबांचा नातू कॅलिफोर्नियात आहे. तिकडे दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजं असतात, फी कमी. तिथली दोन वर्षं करून मुलं विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात बदली घेतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा केंद्रांत तर ठरावीक विषय ठरावीक गुणांनी पुरे केले की प्रवेशाची लेखी हमी मिळते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो ही तीन केंद्रं मात्र अशी हमी देत नाहीत. आणि तिथंही पोरांचा सल्ला तोच, कॉम्प्युटरला अर्ज करू नकोस, गर्दी नसलेला विषय लिही, आत गेलास की बदल. आजोबा मला सांगत होते, ‘नातू हुशार, त्यानं चौकशी केली. आत गेल्यावर कॉम्प्युटरला सरकणंच आता अवघड करून ठेवलंय म्हणे.’ अशी युक्ती फार जणांनी केली की तिच्यावर कडी बसते, हे सगळीकडे सारखंच. आपल्याकडेही आयआयटीत पहिल्या वर्षाच्या गुणांवर शाखा बदलून मिळायची, तिच्या आशेवर पोरं वर्षभर झोपत नसत. अलीकडे काही आयआयटींनी ती सोयच काढून टाकली.

नव्या शैक्षणिक धोरणानं आता मेजर, मायनर हे शब्द आपल्या कला-विज्ञानाच्या कॉलेजांतही आणले आहेत. स्वायत्त कॉलेजांत २०२३ पासून, बाकीच्यांत २०२४ पासून. श्रेयांकांची बँक निघाली आहे, प्रत्येक मुलाचं तिच्यात खातं. एका कॉलेजात कमावलेले श्रेयांक दुसऱ्या कॉलेजात नेता येतील, असं धोरण सांगतं. चांगली गोष्ट आहे. पु. ल. देशपांडे पार्ल्याच्या टिळक विद्यालयातून जोगेश्वरीच्या इस्माईल युसुफ कॉलेजात गेले आणि बी.ए. झाले ते पुण्याच्या फर्ग्युसनमधून. त्या काळी असं खातं असतं तर त्यावर काय काय जमा झालं असतं, देव जाणे. पण परवाच ओळखीतली एक मुलगी आली होती. तिला कुर्ल्याच्या कॉलेजातून पार्ल्यात यायचंय, मेजर मानसशास्त्र. खात्यात श्रेयांक चोख जमा आहेत. पार्ल्यात मानसशास्त्राच्या वर्गात बाक रिकामा नाही. बँक काही बाक देत नाही. मी तिला विचारलं, तुझा मायनर काय? ती म्हणाली, ‘तत्त्वज्ञान. पण ते असंच घेतलंय.’ मी म्हटलं, त्याची चौकशी केलीस? तिनं केली नव्हती. ‘असंच घेतलेल्या’ विषयावर माझी जरा श्रद्धा आहे.

असो. मुलाकडे येतो. त्याला मी प्लॅस्टिक घेऊ नको असं म्हटलं नाही. बाईंना वाटलं होतं मी तसं म्हणेन. मी त्याला एकच विचारलं, समज, तीन वर्षांनी त्या सहांत तू सातवा आलास, तर हा डिप्लोमा घेऊन तू काय करशील? त्याला उत्तर देता आलं नाही. मग मी त्याला वसईला घेऊन गेलो. तिथं औद्योगिक वसाहतीत माझ्या एका जुन्या दोस्ताचा गाळा आहे, इंजेक्शन मोल्डिंगची मशिनं आहेत. दाणे वितळतात, साच्यात शिरतात, साचा उघडतो, टोपण बाहेर पडतं. माझ्या दृष्टीनं टोपण ते टोपण. पण दोस्तानं त्याला साचा उघडून दाखवला. म्हणाला, ‘टोपण दोन रुपयांचं, साचा लाखाचा. साचा काढणारा माणूस मला मिळत नाही.’ परतीच्या गाडीत मुलगा बोलला नाही. भाईंदरच्या पुलावर एकदा म्हणाला, ‘चाचा, तो साचा कॉम्प्युटरवर काढतात.’ त्यानं भागूभाईत नाव घातलं.

२०२५ मध्ये डिप्लोमा झाला, शहाऐंशी टक्के. चांगले. पण पार्ल्यातल्या कॉम्प्युटरला पुरणारे नाहीत, हे मागच्या वर्षीच्या याद्या पाहून आम्हाला दोघांनाही कळलं होतं. पसंतीक्रम भरायची वेळ आली. या फॉर्ममध्ये क्रम फार जपून लावावा लागतो, कारण पहिल्या पसंतीचं कॉलेज पहिल्या फेरीत लागलं की ती जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेऱ्या बंद. बाई ताटात पोळी ठेवून आमच्यामागे उभ्या. कॉम्प्युटर लागण्यासारखं होतं ते कर्जतच्या बाजूला. मेकॅनिकल लागण्यासारखं होतं ते पश्चिम उपनगरातच. मुलानं पहिल्या क्रमांकावर मेकॅनिकल टाकलं.

‘अरे, कॉम्प्युटरसाठीच केलंस ना सगळं?’ बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या, ‘भाई, तुम्ही काही बोला.’

‘वहिनी, तीन वर्षांपूर्वी बादल्या पाडणार म्हणत होतात,’ मी म्हटलं.

तो म्हणाला, ‘आई, मोल्ड डिझाइन मला येतं. तिकडे गेलो तर मला सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागेल आणि बाकीचे पुढं असतील. इथं निदान अर्ध्या विषयांत मी पुढं असेन.’

पहिल्या फेरीत मेकॅनिकल लागलं. सकाळी सातची गाडी पकडतो. ड्रॉइंगमध्ये आणि वर्कशॉपमध्ये वर्गातली मुलं त्याला विचारायला येतात. एम-थ्री पहिल्या खेपेला राहिला. आता रविवारी त्याचा क्लास लावलाय, आणि त्या क्लासची फी तो संध्याकाळी इमारतीतल्या नववी-दहावीच्या पोरांना गणित शिकवून भरतो. त्यातली दोन पोरं यंदा डिप्लोमाचे फॉर्म भरणार आहेत. परवा जिन्यात दोघांनी मला गाठलं. ‘चाचा, सिव्हिल घेतलं तर पुढं कॉम्प्युटर मिळतं का?’ मी त्यांना वर पाठवलं, त्याच्याकडे.